ईव्ह ऑनलाइनचे ओमेगा आणि नलसेकमधला ताबा: बेळगावातून काही महिने वापरल्यानंतर

ईव्ह ऑनलाइन या अवकाशातल्या ऑनलाइन खेळाचे ओमेगा, म्हणजे पैसे भरून मिळणारे सदस्यत्व, घ्यावे की नाही हे ठरवताना बहुतेक जण जहाजांची यादी बघतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून खेळणाऱ्याने आधी घड्याळ बघावे. या खेळात प्रदेश ताब्यात ठेवणे हे बंदुकांपेक्षा हजेरीवर चालते, आणि तुमची हजेरीची वेळ अलायन्सच्या (खेळाडूंच्या गटांच्या युतीच्या) वेळेशी जुळत नसेल तर भरलेल्या पैशांतले निम्मे वाया गेले म्हणून समजा. काही महिने ओमेगा वापरल्यावरचे मत हेच. आता सविस्तर.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आइसलँडच्या सीसीपी कंपनीने हा खेळ ६ मे २००३ रोजी आणला. चीनसाठी वेगळा सर्व्हर आहे. बाकी सगळे जग, आणि बरेच चिनी खेळाडूही, ट्रँक्विलिटी नावाच्या एकाच सर्व्हरवर खेळते आणि तो लंडनमध्ये आहे. ताऱ्यांच्या सिस्टिमना सुरक्षेचे आकडे असतात. ०.५ पासून वर हायसेक, ०.४ ते ०.१ लोसेक, आणि ०.० व त्याखाली नलसेक. खेळाडूंची राज्ये असतात ती नलसेकमध्ये. तिथे पोलीस नाहीत. सिस्टिमवर कोणाचे नाव लागणार हे खेळाडूंच्या अलायन्सच ठरवतात.

किमतीचे गणित

नोव्हेंबर २०१६ पासून खेळ फुकट सुरू करता येतो. फुकट खात्याला अल्फा म्हणतात, पैसे भरलेल्या खात्याला ओमेगा. अल्फाचे प्रशिक्षण ५० लाख स्किल पॉइंटना थांबते, प्रशिक्षणाचा वेग ओमेगाच्या निम्मा असतो आणि स्किलची रांग २४ तासांपेक्षा लांब लावता येत नाही. शेवटची अट किरकोळ वाटते, पण विद्यार्थ्यांना तीच सर्वांत जास्त नडते. व्हीटीयूच्या (इथल्या तंत्रशिक्षण विद्यापीठाच्या) परीक्षा सुरू झाल्या की दोन-तीन आठवडे लॉगिन होत नाही. ओमेगाची रांग तोवर चालू राहते, अल्फाची दुसऱ्या दिवशीच थांबते.

एका महिन्याचे ओमेगा बरीच वर्षे सुमारे १५ डॉलरला होते. मे २०२२ मध्ये ते १९.९९ झाले. डॉलर ८८ रुपये धरला तर १,७५९ रुपये. बँकेचा परकीय चलन मार्कअप ३.५ टक्के असेल तर त्याचे ६२ रुपये, त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटीचे ११. म्हणजे १,८३२. परदेशी डिजिटल सेवेवरचा १८ टक्के जीएसटी किमतीत धरलेला नसेल आणि वरून लागत असेल तर हाच आकडा २,१६० च्या आसपास जातो. पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर कराची ओळ वाचल्याशिवाय बटण दाबू नका. तीन किंवा बारा महिन्यांचे पॅक घेतले तर महिन्याचा दर उतरतो, पण पहिल्यांदा एकच महिना घ्या. कारण खाली येईल.

कार्ड नाकारले जाणे ही नेहमीची तक्रार. त्याची कारणे दोन. मार्च २०२० पासून नवीन किंवा बदलून दिलेली कार्डे फक्त देशांतर्गत व्यवहारांसाठी सुरू असतात. आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः चालू करावा लागतो आणि मर्यादा घालावी लागते. दुसरे, ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप होणाऱ्या मासिक वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम लागू आहेत. परदेशी व्यापाऱ्याने ती व्यवस्था केलेली नसेल तर पहिला हप्ता जातो आणि दुसरा अडकतो. ओमेगा मध्येच बंद पडते आणि कळते ते जहाजात बसायला गेल्यावर. सरळ उपाय म्हणजे स्वयंनूतनीकरण बंद ठेवून दर वेळी हाताने भरणे, किंवा खाते मुळातच स्टीममधून उघडून तिथे यूपीआयने भरणे. स्टीमचे वॉलेट रुपयांत चालते, त्यामुळे मार्कअपही वाचतो. खाते कुठून उघडायचे हे मात्र पहिल्याच दिवशी ठरवा.

तिसरा मार्ग प्लेक्सचा. प्लेक्स ही खेळातली वस्तू आहे. ती कंपनीकडून रोख पैशांनी मिळते किंवा दुसऱ्या खेळाडूकडून इस्क या खेळातल्या चलनाने. ५०० प्लेक्स दिले की ३० दिवसांचे ओमेगा मिळते. "खेळून कमवा आणि फुकट खेळा" असे जे सांगितले जाते ते याच्याच बळावर. ते खोटे नाही, पण हिशोब करून बघा. भाव रोज हलतो. समजा एक प्लेक्स ५५ लाख इस्कला आहे. ५०० चे झाले २७५ कोटी इस्क. नलसेकमध्ये एका खात्यावर मध्यम जहाजाने रॅटिंग करून, म्हणजे संगणकाने चालवलेले चाचे (रॅट) मारून, ताशी ४ कोटी इस्क धरा. महिन्याला ६९ तास झाले. ओमेगा १,८३२ रुपयांना पडत असेल तर ही ताशी साडेसव्वीस रुपयांची मजुरी झाली. ज्याला रॅटिंग करणे मनापासून आवडते त्याने जरूर करावे. नोकरी करणाऱ्याने किंवा दुकान सांभाळणाऱ्याने रोख भरून ते ६९ तास लढायला वापरावेत. अनेक महिने ओळीने फक्त भाडे भरण्यासाठी खेळणारे लोक खेळ सोडून जातात, हे कॉर्पच्या (अलायन्समधल्या खेळाडूंच्या गटाच्या) यादीत स्पष्ट दिसते.

रोख पैशांनी प्लेक्स घेऊन त्याचेच ओमेगा करायचे हा सर्वांत महाग रस्ता आहे, तो टाळा. प्लेक्स घ्यायचाच तर तो जिता ४-४ या खेळातल्या सर्वांत मोठ्या बाजारात विकून इस्क करण्यासाठी, आणि तोही पहिली काही जहाजे घेण्यापुरता. जिताच्या लोकल चॅटमध्ये दुप्पट करून देतो म्हणणारे आणि काँट्रॅक्टमध्ये शून्ये लपवणारे कायम असतात. बाहेरच्या संकेतस्थळावरून स्वस्त इस्क विकत घेतले तर खात्यावर बंदी येते आणि वॉलेटमधले इस्कही काढून घेतात. कुठल्याही सवलतीसाठी हा धोका पत्करण्यासारखा नाही.

पैशांनी ताकद विकत मिळते का? काही प्रमाणात मिळते, हे मान्य करायला हवे. फेब्रुवारी २०१६ पासून स्किल इंजेक्टर आहेत. एका पात्रातून ५ लाख स्किल पॉइंट काढून दुसऱ्यात घालता येतात. घेणाऱ्याकडे ५० लाखांपेक्षा कमी पॉइंट असतील तर पूर्ण ५ लाख मिळतात, ५० लाख ते ५ कोटीपर्यंत ४ लाख, ५ ते ८ कोटीपर्यंत ३ लाख, आणि त्यापुढे फक्त दीड लाख. म्हणजे नव्या माणसाला इंजेक्टर परवडतो, जुन्याला तो उधळपट्टी ठरतो. ही उतरती रचना चांगली आहे. तरीही ज्याच्या खिशात पैसा आहे तो एका दिवसात मोठ्या जहाजात बसू शकतो, आणि ते चालवता न आल्यामुळे त्याच आठवड्यात गमावूही शकतो. प्रदेश मात्र दुकानात मिळत नाही.

घरचे लोक विचारतात की यावर सरकारने बंदी घातली ना? २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदी आणली ती पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर. पैज नसलेल्या खेळाला सदस्यत्व शुल्क घेता येते. ईव्हमधले इस्क अधिकृतपणे रुपयांत बदलता येत नाहीत. पैसा आत जातो, बाहेर येत नाही.

ताबा कसा टिकतो

आता मुख्य विषय. सिस्टिमवर ताबा सांगायचा तर तिथे सॉव्हरेन्टी हब उभारावा लागतो. जून २०२४ च्या इक्विनॉक्स विस्तारापासून आधीची टीसीयू आणि आयहब ही दोन बांधकामे जाऊन त्यांची जागा या एका हबने घेतली. हबवर अपग्रेड बसवायचे असतील तर पॉवर, वर्कफोर्स आणि रिएजंट या तीन गोष्टी लागतात. पॉवर त्या सिस्टिमच्या बाहेर नेता येत नाही, वर्कफोर्स शेजारच्या सिस्टिममध्ये वळवता येतो. रिएजंट दोन: लाव्हा ग्रहावरून मॅग्मॅटिक गॅस, बर्फाळ ग्रहावरून सुपरआयोनिक आइस. ते गोळा करायला ग्रहावर स्कायहुक बसवतात आणि तिथून ते जहाजाने हबपर्यंत वाहून न्यावे लागतात. या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा स्कायहुक. चार-पाच जणांची टोळीही येऊन माल लुटून जाते. रिएजंट संपले की अपग्रेड बंद पडतात, रॅटिंगच्या जागा कमी होतात, लोक शेजारी जातात, आणि मग खरी घसरण सुरू होते. कारण ताब्याची मजबुती वापरावर ठरते.

ही मजबुती एडीएम नावाच्या १ ते ६ च्या आकड्यात मोजतात. सिस्टिममध्ये रॅट मारले की मिलिटरी इंडेक्स चढतो, खाणकाम केले की इंडस्ट्री इंडेक्स, आणि सलग किती दिवस ताबा आहे यावर स्ट्रॅटेजिक इंडेक्स. तिसरा सलग १०० दिवसांनी वरच्या टप्प्यावर पोचतो आणि बसून मिळतो. पहिले दोन रोज राबल्याशिवाय मिळत नाहीत आणि सिस्टिम ओस पडली की उतरू लागतात. कर्नाटकातल्या १९७४ च्या जमीन सुधारणा दुरुस्तीमागचे तत्त्व बेळगावच्या शेतकरी घरांना वेगळे सांगायला नको: कसेल त्याची जमीन. इथला नियम हुबेहूब तोच आहे, आणि माझ्या मते या खेळातली सर्वांत न्याय्य गोष्ट हीच. नकाशावर नुसते नाव लावून बसलेल्या मोठ्या अलायन्सपेक्षा रोज खाणकाम करणारी छोटी अलायन्स आपली सिस्टिम जास्त चांगली राखू शकते.

एडीएमचे दोन परिणाम होतात. हबवर हल्ला करता येण्याची रोजची खिडकी १८ तास भागिले एडीएम इतकी असते. एडीएम १ असेल तर दिवसातले १८ तास दार उघडे. एडीएम ६ असेल तर फक्त ३ तास, आणि तेही अलायन्सने निवडलेल्या वेळेभोवती. दुसरे, शत्रूला हब पाडायला लागणारा वेळही एडीएमच्या पटीत वाढतो. म्हणजे ६ ला दार कमी वेळ उघडे, आणि आत शिरायला सहापट वेळ.

हल्ला एन्टोसिस लिंक या मॉड्यूलने होतो. साध्या लिंकचा पल्ला २५ किलोमीटर आणि चक्र ५ मिनिटांचे. दुसऱ्या प्रतीची लिंक २५० किलोमीटरवरून चालते आणि तिचे चक्र २ मिनिटांचे असते. प्रत्येक चक्राला इंधन म्हणून एक स्ट्रॉन्शियम लागते. पहिले चक्र नुसते सुरू होण्यात जाते. लिंक चालू असताना जहाजाला वॉर्प करता येत नाही, लपता येत नाही, मित्रांकडून रिपेअरही घेता येत नाही. नवीन लोक इथेच जहाज गमावतात, कारण शत्रू दिसल्यावर लिंक बंद केली तरी चालू चक्र पूर्ण होईपर्यंत जागेवरच अडकून राहावे लागते. म्हणून स्वस्त आणि वेगवान जहाज वापरा, कार्गोत स्ट्रॉन्शियम मोजून ठेवा, आणि शेजारच्या सिस्टिममध्ये एक टेहळ्या बसवा. बचाव करणाऱ्यानेही तिथे येऊन आपली लिंक लावली की प्रगती थांबते.

पहिला हल्ला यशस्वी झाला तरी ताबा लगेच जात नाही. हब रीइन्फोर्स होतो, म्हणजे तात्पुरता अभेद्य होतो, आणि सुमारे दोन दिवसांनी, पुन्हा बचाव करणाऱ्याच्या निवडलेल्या वेळेत, त्या कॉन्स्टेलेशनभर (शेजारच्या सिस्टिमच्या समूहात) कमांड नोड, म्हणजे लिंक लावून जिंकायच्या जागा, उगवतात. सुरुवातीला पाच, मग एक घेतला की दुसरा. एका जागी हजार जणांची टक्कर होण्याऐवजी लढाई पाच-सात सिस्टिममध्ये पसरते. त्यामुळे इथे छोट्या गटाला खरोखर किंमत येते. दहा जणांची तुकडी नोडवर वेळेवर पोचली तर तिचे काम मोठ्या फ्लीटपेक्षा कमी नसते.

व्यवस्थापनाची एक चूक किती महाग पडते याचे उदाहरण २७ आणि २८ जानेवारी २०१४ ची बी-आर५आरबी लढाई. त्या काळी ताब्याचे बिल इस्कमध्ये भरावे लागे. एका सिस्टिमचे बिल वेळेत गेले नाही, ताबा सुटला, शत्रू धावून आले आणि सुमारे २१ तास लढाई चालली. ७५ टायटन, म्हणजे खेळातली सर्वांत मोठी जहाजे, नष्ट झाली. नुकसानीचा अंदाज ३ लाख डॉलरच्या घरात केला गेला. आज बिलाची जागा रिएजंटने घेतली आहे. हबची टाकी कोण भरतो, तो रजेवर गेला तर कोण भरणार, हे ज्या कॉर्पमध्ये कोणी सांगू शकत नाही तिथे राहू नका.

बेळगावची वेळ

खेळाचे घड्याळ यूटीसीवर चालते. आपल्यासाठी त्यात साडेपाच तास मिळवा. रोजचा डाउनटाइम (सर्व्हर थोडा वेळ बंद) ११:०० यूटीसीला, म्हणजे दुपारी ४:३० ला. युरोपची गर्दी १८ ते २२ यूटीसी, आपल्याकडे रात्री ११:३० ते पहाटे ३:३०. अमेरिकेची ०० ते ०४ यूटीसी, म्हणजे सकाळी ५:३० ते ९:३०. सिडनीची संध्याकाळ आपल्या दुपारी २:३० ते ६:३०. चीनची संध्याकाळी ५:३० ते रात्री ९:३०. मॉस्कोची रात्री ९:३० ते १:३०.

टिळकवाडीतला नोकरदार किंवा निपाणीतला कॉलेजचा मुलगा साधारणपणे रात्री ८ ते १२ मोकळा असतो. त्याला जुळतात त्या चिनी वेळेच्या शेवटाला आणि रशियन वेळेच्या सुरुवातीला खिडकी ठेवणाऱ्या अलायन्स. निव्वळ युरोपीय अलायन्समध्ये गेलात तर प्रत्येक महत्त्वाचा टायमर रात्री एक-दोनला येईल आणि सकाळी कामावर जायचे असेल. निव्वळ अमेरिकन असेल तर लढाई ऐन शाळा-ऑफिसच्या गडबडीत. जगभर पसरलेल्या मोठ्या अलायन्समध्ये प्रत्येक वेळेसाठी वेगळा फ्लीट कमांडर असतो, ती सोय चांगली. पण भरतीवाल्याने "आमच्याकडे सगळ्या वेळेची माणसे आहेत" असे म्हटले तर त्यावर न जाता झेडकिलबोर्ड या पाडलेल्या जहाजांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्यांची तासांनुसार हालचाल बघा. १५ ते १८ यूटीसीच्या रकान्यांत काहीच दिसत नसेल तर तिथे तुम्ही रोज एकटेच असणार. हे तपासायला ओमेगा लागत नाही. म्हणूनच आधी अल्फावर कॉर्पमध्ये जा, दोन-तीन आठवडे पिंग (लढाईला बोलावणारे संदेश) कोणत्या वेळी येतात ते टिपून ठेवा, आणि मग एक महिना भरा.

इंटरनेट आणि वीज

लंडनचा सर्व्हर दूर आहे, तरी ईव्हला ते फारसे बोचत नाही. हा सर्व्हर सेकंदाला एकदाच हिशोब करतो, त्यामुळे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन येण्याचा वेळ, म्हणजे लाइनचा पिंग, दीडशे असो वा अडीचशे मिलिसेकंद, नेमबाजीच्या खेळासारखा तोटा होत नाही. हजारोंच्या लढाईत तर टाइम डायलेशनमुळे खेळाचा वेळ १० टक्क्यांपर्यंत मंदावतो. तिथे पिंगचा प्रश्नच उरत नाही. त्रास होतो तो लाइन तुटण्याचा. भारतातून युरोपकडे जाणारी बरीच वाहतूक तांबड्या समुद्रातल्या केबलांवरून जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतात वेग मंदावला होता. अशा दिवसांत महागडे जहाज बाहेर काढू नये.

खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा हे लक्षात ठेवा. कोणाशीही लढाई नसताना लाइन तुटली तर जहाज आपोआप दूर वॉर्प होऊन थोड्या वेळात नाहीसे होते. रॅटशी लढत असाल तर ते ५ मिनिटे अवकाशात राहते. खेळाडूवर गोळी झाडली असेल तर १५ मिनिटे. म्हणून राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. घ्यायच्या आधी दोन्ही अडॅप्टरवरचे अँपिअर वाचून त्यांची बेरीज करा. लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, पडतो तो राउटरच. मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच जोडून ठेवला तर काम भागते. लाँचरमधून पूर्ण क्लायंट एकदाच उतरवून घ्या. नाही तर नव्या सिस्टिममध्ये शिरल्यावर खेळ चालू असतानाच फाइली येत राहतात आणि मंद लाइनवर पडदा अडखळतो.

फोनवरच खेळणार असाल तर ईव्हचा हा पर्याय तुमच्यासाठी नाही. तिथे अल्बियन ऑनलाइन बघा. तो एप्रिल २०१९ पासून फुकट आहे, जून २०२१ पासून मोबाइलवर, आणि मार्च २०२३ पासून त्याचा आशिया सर्व्हर आहे, त्यामुळे पिंगही कमी आणि संध्याकाळची गर्दीही आपल्या जवळची. प्रीमियम नसेल तर बाजारातल्या विक्रीवर ८ टक्के कर, असेल तर ४ टक्के. व्यापार करणाऱ्याचे प्रीमियम या फरकातूनच सुटते. पीसीवर आणखी एक पर्याय म्हणजे फॉक्सहोल. तो एकदाच विकत घ्यावा लागतो, मासिक काही नाही, आणि प्रदेश युद्धापुरता असतो. नवे युद्ध सुरू झाले की नकाशा कोरा. ज्याला वर्षानुवर्षे एकच जमीन राखायची आहे त्याला तो अपुरा वाटेल. त्यासाठी ईव्हच.

जमीन गेली तर माल जातो का? सहसा नाही. तुमचे स्टेशन नष्ट झाले तर आतला माल ॲसेट सेफ्टीत जातो. त्याच सिस्टिममध्ये दुसरे स्टेशन असेल तर ०.५ टक्के शुल्कात तिथे मिळतो. नसेल तर २० दिवसांनी लोसेकमधल्या एनपीसी (खेळानेच चालवलेल्या) स्टेशनवर, १५ टक्के शुल्क भरून. म्हणून नलमध्ये आठवड्याला लागेल तेवढाच माल ठेवा आणि बाकी जितात विकून टाका. जे जहाज अवकाशात नुसते सोडून दिले त्याला हे संरक्षण नाही.

ओमेगा संपण्याच्या आदल्या दिवशी आणखी एक काम करायचे. अल्फाला न चालणाऱ्या जहाजातून उतरून वेक्झर नेव्ही इश्यूसारख्या अल्फाला चालणाऱ्या जहाजात बसा आणि डॉक करून लॉगआउट करा. स्किल पुसली जात नाहीत, फक्त कुलूपबंद होतात. पुन्हा पैसे भरले की जिथे होती तिथून सुरू होतात. विक्रीला लावलेल्या ऑर्डर आणि चालू कामे त्याआधी उरकून घ्या, आणि रिएजंटची जबाबदारी तुमच्याकडे असेल तर ती दुसऱ्याला देऊनच मग बंद करा.